रक्षाविसर्जनाचं पत्र

मी लिहायला बसलोय त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. शाळेत मी जे निबंध लिहिले ते गाईडमधून पाठ करून लिहिले. पुढं कॉलेजात कॉम्प्युटर शिकलो आणि गेल्या दोन वर्षांत तर माझं बहुतेक लिहिणं मशीननंच केलं. मी प्रश्न विचारायचो, ते लिहायचं. त्यामुळं स्वतःच्या हातानं एवढं लांब लिहायची सवय नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितोय ते माझ्यापेक्षा फार चांगलं लिहायचे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. मी नववीत असताना ती गेली. आमच्या भागात तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं. सकाळी स्मशानात भावकी, गल्ली, पैपाहुणे जमतात. राख गोळा करून झाली, नैवेद्य ठेवून झाला की चार माणसं उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. मग संस्थांची शोकपत्रं वाचतात. आई एका सहकारी सोसायटीची सभासद होती, म्हणून त्यांचंही पत्र आलं होतं. वाचायला एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे राहिले. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

बाकीचे जे बोलले ते मला आठवत नाही. त्या पत्रातलं आठवतं. त्यात लिहिलं होतं की ह्या बाई वखारीतून सुटल्यावर हात दोनदा धुऊन सोसायटीत यायच्या, आणि पासबुकाला तंबाखूचा वास लागू नये म्हणून त्यांनी त्याला मुलाच्या जुन्या वहीचं कव्हर घातलं होतं. कव्हरावरची नावाची चिठ्ठी त्यांनी काढली नव्हती. त्यामुळं आमच्या काउंटरवर त्यांचं पासबुक यायचं ते मुलाच्या नावानं, इयत्ता पाचवी, तुकडी अ.

मला हे माहीत नव्हतं. तोपर्यंत मी रडलो नव्हतो. तिथं रडलो.

ते वाचणारे गृहस्थ म्हणजे सोसायटीतले कारकून. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही पुढं तसंच म्हणू लागलो. सोसायटीच्या दहा शाखा. नोटिसा, सभेचे वृत्तांत, अर्जांची उत्तरं, सगळं मराठीत आणि कन्नडमध्ये अण्णाच लिहायचे. पण गावोगावी लोक त्यांना ओळखायचे ते ह्या पत्रांमुळं. कुणी सभासद वारला की अण्णा त्या गावाला जायचे. घरात जायचे नाहीत. शेजारी नाहीतर चहाच्या गाड्यावर बसायचे आणि त्या माणसाची एक खरी गोष्ट विचारून घ्यायचे. ती मिळेपर्यंत उठायचे नाहीत. मग दुसऱ्या दिवशी पत्र लिहायचे, तिसऱ्या दिवशी जाऊन वाचायचे.

सहा वर्षांनी मी बीसीएच्या शेवटच्या वर्षात होतो आणि प्रोजेक्टसाठी एखादी संस्था शोधत होतो. त्याच सुमारास सोसायटीचे चेअरमन बेळगावात एका शिबिराला जाऊन आले. तिथं कुणीतरी त्यांना दाखवलं होतं की नुसतं सांगितलं की मशीन पत्र लिहून देतं, पाहिजे त्या भाषेत. चेअरमन परत आले ते हेच बोलत. "दुसऱ्या सोसायट्या सुरू करायच्या आधी आपण करायचं," असं त्यांनी मॅनेजरना सांगितलं. मला प्रोजेक्ट मिळाला. माझं टेबल अण्णांच्या टेबलाला लागून टाकलं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो आणि आईचं सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं.

"पाचवी अ?"

"व्हय."

"बस." त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली. "पंख्याखाली बस, तिकडं ऊन येतंय."

मशीनला अण्णांनी 'जावई' नाव ठेवलं. सकाळी आले की विचारायचे, "काय रं, जावयाला आज काय खायला घातलंस?" खायला घालायचं म्हणजे जुनी पत्रं. मशीननं अण्णांसारखं लिहावं म्हणून त्याला त्यांची पत्रं नमुना म्हणून द्यायची असं मी ठरवलं होतं. त्यांच्या कपाटात कार्बन कॉप्यांच्या फायली होत्या. त्यातली चाळीस शोकपत्रं मी टाईप केली. अक्षर लागलं नाही की अण्णा वाचून दाखवायचे, आणि वाचताना त्या माणसाबद्दल पत्रात न आलेलं आणखी काहीतरी सांगायचे. आईचंही पत्र त्यात होतं. ते मी एकट्यानं टाईप केलं.

मशीननं पहिल्यांदा दोन्ही भाषांत नोटीस लिहून दिली तेव्हा अण्णांनी ती दोनदा वाचली.

"बरं हाय रं. मराठी पुण्याचं, कन्नड बेंगळूरचं. निपाणीचा माणूस मेला तर ह्येनं कुठं जायाचं?"

आम्ही दोघंही हसलो. मग ते सांगू लागले, "कुठली भाषा लिव्हायची ते फॉर्मवर बघायचं न्हाय. नाव मराठी असतंय आन् घर कन्नड असतंय. घरात रडत्यात कुठल्या भाषेत ते बघायचं." ते स्वतः त्यातलेच. नाव, आडनाव मराठी, पण बायको गोकाककडची आणि घरी सगळं कन्नड. दुपारी बायकोचा फोन आला की त्यांचा आवाज बदलायचा, मऊ व्हायचा. आम्हाला त्यांचं ते बोलणं ऐकायला आवडायचं.

खरं सांगायचं तर मला त्या कामाचा अभिमान वाटत होता. मशीन दिवसेंदिवस अण्णांसारखं लिहायला लागलं होतं. आखूड वाक्यं, शेवटी नमस्कार, मध्ये एक गोष्ट. मॅनेजर माझ्या मागं उभे राहून बघायचे. एकदा ते अण्णांना म्हणाले, "अण्णा, तुम्ही एका पत्रासाठी दोन दिवस गावं हिंडता. हे बघा, चहा निवायच्या आत झालं." अण्णा म्हणाले, "मग तुमचा चहा गरम राहतोय, बरं झालं की साहेब." मॅनेजर हसले. पण अण्णांचं वय साठच्या पुढं गेलेलं, निवृत्त झाल्यावर सोसायटी त्यांना दरवर्षी एकेक वर्ष वाढवून देत होती, आणि त्या वर्षाची मुदत दोन महिन्यांत संपणार होती. ते सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

एका मंगळवारी अण्णा डोळे दाखवायला बेळगावला गेले होते. दुपारी काकतीजवळच्या शाखेतून फोन आला. एक म्हातारे सभासद वारले होते, रक्षाविसर्जन दुसऱ्याच दिवशी सकाळी होतं. बातमी उशिरा कळली होती. शाखेच्या माणसानं नाव, वय, गाव आणि सायकलचं दुकान होतं एवढं सांगितलं. मी अण्णांना फोन लावला. डोळ्यांत औषध घातलंय, काही दिसत नाही, असं ते म्हणाले. "तू लिही. गावात कुणाला तरी फोन करून एक गोष्ट विचार. माझा शिक्का खणात हाय. वाचून मग मार. सकाळी मी हिकडनंच जातो, काकती वाटंवरच हाय. पाकीट शाखेत पोचव."

मी गावात फोन केला नाही. का केला नाही, ह्याचं उत्तर मी पुष्कळ वेळा शोधलंय. अनोळखी माणसाला फोन करून, तुमच्यात मेलेत त्यांची गोष्ट सांगा, असं म्हणायची मला लाज वाटली. एवढंच कारण आहे. मी मशीनला चार गोष्टी दिल्या आणि म्हटलं, अण्णांसारखं लिही. पत्र आलं. त्यात होतं की पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की हे सायकलवाले आजोबा दुकान सोडून यायचे आणि शाळेची पोरं खांद्यावर बसवून पलीकडं नेऊन सोडायचे. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मशीनला कुठून कळलं, हा प्रश्न मला पडला नाही. एवढं चांगलं लिहिलेलं खोटं असेल असं वाटलंच नाही. मी अण्णांच्या सहीचा शिक्का मारला, पाकीट बंद केलं आणि शाखेच्या गाडीबरोबर पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला शाखेच्या माणसानं सांगितलं. अण्णांनी पाकीट तिथंच फोडलं, कारण ते त्यांच्या हातात सकाळीच पडलं होतं. अजून नीट दिसत नव्हतं म्हणून कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होते. खांद्यावर बसवून, एवढं वाचलं आणि मागून एका पोरानं हसू दाबलं. कुणीतरी म्हणालं, "आरं, आप्पाला तर आमीच उचलून कट्ट्यावर बसवत हुतो."

त्या म्हाताऱ्यांचा एक पाय लहानपणापासून गेलेला होता. पोलिओ. सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांची बायको एका बाजूला बसली होती, तिनं मान खाली घातली.

अण्णा थांबले. कागदाची घडी घातली. "माझं चुकलं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं ह्यात मिसळलं. आप्पांची आन् त्यांच्या घरच्यांची माफी मागतो." आणि मग त्यांनी तोंडीच सांगितलं की ते एकदा ह्या बाजूला आले असता त्यांच्या सायकलची हवा गेली होती, दुकान बंद होतं, पण हवा भरायचा पंप बाहेर साखळीशिवाय ठेवलेला होता. गाववाले म्हणाले होते, आप्पा पंप कधी आत घेत नाहीत, कुणाला लागला तर. एवढं बोलून अण्णा खाली बसले.

ओढ्याची गोष्ट कुठून आली ते मला संध्याकाळी सापडलं. मी खायला घातलेल्या चाळीस पत्रांत ती होती. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या माणसाची. त्यानं खरोखर पोरं खांद्यावरून नेली होती.

गेलेल्या आजोबांचा पुतण्या सोसायटीत संचालक होता. दोन दिवसांनी मॅनेजरनी अण्णांना आत बोलावलं. मलाही, कारण कॉम्प्युटर माझ्याकडं होता. चेअरमन होते, तो पुतण्याही होता.

"आमच्या आप्पाचा असा तमाशा केला तुम्ही," तो म्हणाला. "काकू दोन दिवस जेवली न्हाय."

"हे पत्र कुणी लिहिलं?" चेअरमननी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. हे मी खरं सांगतो, उघडलं होतं. पण अण्णा आधी बोलले.

"सही कुणाची हाय साहेब?"

"तुमची."

"मग माझंच."

चेअरमननी माझ्याकडं बघितलं. "मशीनची काही चूक हाय का रे?"

आणि मी म्हणालो, "तपासून सांगतो सर."

एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि विषय अण्णांच्या वयावर गेला. डोळे, विसरभोळेपणा, आता विश्रांती घ्यावी. अण्णा ऐकत उभे होते. बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागं जिन्यापर्यंत गेलो. "अण्णा, मी सांगतो जाऊन. आत्ता जातो."

"गप. तुझं सर्टिफिकेट यायचंय अजून." त्यांनी चष्मा पुसला. "पर तू फोन केला न्हाईस, व्हय?"

"न्हाय."

"करायला पायजे हुतास."

ह्यापेक्षा जास्त ते मला त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

त्यांची मुदत वाढवली नाही. निरोपसमारंभ झाला, शाल, नारळ, फेटा. चेअरमननी भाषण वाचलं ते मशीननं लिहिलेलं होतं, मीच काढून दिलं होतं, कारण मला सांगितलं होतं. प्रामाणिक, कष्टाळू, संस्थेचा आधारस्तंभ. टाळ्या झाल्या. नंतर भजी खाताना अण्णा माझ्या कानाशी वाकले.

"जावयानं बरं लिव्हलंय. पर ह्यात माझी एक गोष्ट कुठं हाय रं?"

ते चेष्टेत म्हणाले होते. मी मात्र म्हणालो, "मी लिहितो अण्णा. चेअरमनना सगळं खरं सांगतो आणि तुमची गोष्ट पण लिहितो."

"लिही. गडबड न्हाय."

मला सर्टिफिकेट मिळालं. सोसायटीनं मला कामावरही घेतलं. आता मी बेळगावात एमसीए करतो, शहराबाहेर मच्छे गावात खोली घेऊन राहतो, आणि सोसायटीच्या दहाही शाखांचं ते मशीन सांभाळतो. सगळी पत्रं आता त्यातूनच जातात. चेअरमन पुढच्या शिबिरात व्यासपीठावर होते.

झालेल्या प्रकाराची भरपाई म्हणून मी एक काम केलं. शोकपत्राच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला. त्याला नाव दिलं 'एक खरी गोष्ट'. तो भरल्याशिवाय पत्र तयारच होत नाही. मला वाटलं, आता शाखेतला माणूस त्या घराच्या शेजारी जाईल, बसेल, विचारेल. पहिल्या महिन्यात काहींनी लिहिलं. मग 'चांगला माणूस होता' असं येऊ लागलं, आणि त्या तीन शब्दांच्या मशीन सुंदर चार ओळी करून द्यायचं. मग नुसती टिंबं येऊ लागली. मी टिंबं चालणार नाहीत अशी सोय केली. एका शाखेतून फोन आला, "काय लावलंय हो हे? माणसं काउंटरला खोळंबल्यात, मेलेल्याची गोष्ट कुठं हुडकत बसू?" मी 'बघतो' म्हणून फोन ठेवला. मीही एकदा हुडकली नव्हती.

चेअरमनना पत्र लिहायला मी कितीदा तरी बसलो. एकदा मशीनलाच सांगितलं, मी केलेली चूक कबूल करणारं पत्र लिही. त्यानं फार छान लिहिलं. त्यात पश्चात्ताप होता, कृतज्ञता होती. ते वाचून मला स्वतःचीच किळस आली आणि मी ते पुसून टाकलं. दुसरं लिहिलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती. बाबांनी गावात सगळ्यांना सांगितलं होतं की पोरगं बेळगावात सोसायटीत साहेब आहे.

दिवाळीत अण्णांचा फोन आला होता. ते निपाणी सोडून सदलग्याला, आपल्या गावी गेले होते.

"जावई बरा हाय का?"

"हाय."

"आन् तू?"

"मी पण."

"माझ्या फायली रद्दीत घातल्या न्हाईत न्हवं?"

"न्हाय अण्णा. आतल्या खोलीत हायत." त्या खोलीत होत्या हे खरं होतं. आईच्या पत्राची कार्बन कॉपी तेवढी मी काढून आणली होती, ती माझ्या खोलीत आहे. ते मी त्यांना सांगितलं नाही.

"एकदा ये की रं सदलग्याला. ज्वारी हुरड्याला आलीया."

मी येतो म्हणालो. आधी चेअरमनना सांगायचं आणि मग जायचं, असं मी मनाशी धरलं होतं. रिकाम्या हातानं त्यांच्यासमोर कसं बसणार? हुरडा संपला. परीक्षा आली. एका रविवारी चिकोडीपर्यंत गेलो होतो, मित्राच्या बहिणीच्या लग्नाला. स्टँडवर सदलग्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर ओरडत होता. मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि बेळगावच्या गाडीत बसलो.

अण्णांची एक गोष्ट मी लिहिणार होतो. कुठली लिहावी हे ठरत नव्हतं. पहिल्या दिवशी पाण्याची बाटली सरकवली ती, की माफी मागून पंपाची गोष्ट सांगितली ती, की 'सही कुणाची हाय साहेब' ती. शेवटची लिहायची तर माझंही लिहावं लागणार होतं. म्हणून राहत गेलं.

दर शनिवारी दहा शाखांनी आठवड्यात पाठवलेल्या पत्रांची यादी माझ्याकडं येते. मशीन नीट चाललंय का ते मी बघायचं, एवढ्यासाठी. गेल्या शनिवारी दुपारी जेवून आल्यावर मी ती उघडली. वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, सभेच्या नोटिसा होत्या, तीन शोकपत्रं होती. तिसऱ्याच्या पुढं नावाच्या रकान्यात अण्णांचं पूर्ण नाव होतं. मी ते दोनदा वाचलं. मला कुणी फोन केला नव्हता. करावासा वाटावा असं मी काही केलंही नव्हतं.

गाव, सदलगा. भाषा, मराठी. रक्षाविसर्जन, गुरुवार सकाळी साडेआठ. पत्र पाठवले, वाचले.

एक खरी गोष्ट ह्या रकान्यात शाखेतल्या माणसानं लिहिलं होतं, 'विशेष काही नाही.'